बोगद्याच्या टोकाचा लाल माणूस

तमाम लोकांस या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, संगमनेर मुक्कामी, बसस्टँडच्या मागच्या अंगाला असलेल्या झेरॉक्स, पासपोर्ट फोटो व ऑनलाइन फॉर्मच्या दुकानातील आतल्या खोलीत, वीस-पंचवीस वर्षे जुन्या एका बंदुकीच्या गेमला ग्राफिक्स कार्ड लावण्यात आले असून, त्यामुळे सदर गेमचे, तो खेळणाऱ्यांचे व प्रस्तुत निवेदकाच्या रक्तदाबाचे अपरिमित नुकसान झालेले आहे. याबाबत कोणाची हरकत असल्यास त्यांनी ती आपल्यापाशीच ठेवावी. निवेदकाचे डोके आधीच फिरलेले आहे.

दुकान माझं. कार्डही मीच आणलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी दुसऱ्यांवर ओरडायला लागलो की कोणी मधे बोट घालणार नाही.

तर, हे दुकान एके काळी सायबर कॅफे होतं. लाकडी खोपटी, पडदे, तासावर इंटरनेट, सगळं. संध्याकाळी गिऱ्हाईक आटलं की मी आणि माझा शाळेपासूनचा दोस्त, जो तेव्हाही डेअरीत होता आणि आजही डेअरीतच आहे, आम्ही दोन मशीनं वायरीनं जोडून एक गेम खेळायचो. गेमचं खरं नाव सोडा, आम्ही त्याला ‘बोगदा’ म्हणायचो. सगळा खेळ तपकिरी भिंतींच्या बोगद्यांत चालायचा. समोर आपल्याच बंदुकीची नळी दिसते, पुढे अंधार, आणि अंधारात कुठेतरी दोस्त दबा धरून बसलेला.

तिसरे आमच्यात आले ते सर. मूळचे तिसगावकडचे ख्रिस्ती कुटुंबातले, नोकरीनं संगमनेरला आले आणि इथल्याच शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले. त्यांनी आम्हा दोघांनाही शिकवलंय, म्हणजे आमच्या वह्यांवर लाल शेरे मारलेत. मुलाची ईमेल बघायला ते माझ्याकडे यायचे. एकदा माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी तो बोगदा बघितला आणि विचारलं, “हे रंगकाम कोणी केलंय रे?”

मी म्हटलं, “सर, परदेशातलं कोणीतरी असणार.”

“किती रंग आहेत यात?”

मी कुठेतरी वाचलं होतं, ते सांगितलं. दोनशे छप्पन्न.

“फक्त?” सर खुर्ची ओढून बसले. “एवढ्याशा डब्यात अख्खा डोंगर पोखरलाय की. तुमच्या वर्गाला मी बारा रंगांची पेटी दिली होती, तुम्हाला त्यात एक केळं पिवळं करता आलं नाही.”

त्या दिवसापासून ते आमच्यात. आणि काय सांगू, हरवायला लागले. स्केचपट्टीशिवाय सरळ रेघ मारणारा हात होता तो, माऊसवरही तसाच चालायचा.

पुढे मोबाईल आले, सायबर कॅफे बसला, खोपटी निघाली, सातबारा आणि स्कॉलरशिपचे फॉर्म आले. खेळही बंद पडला असता, पण आम्ही त्याला सण लावून दिला. खंडेनवमीला दुकानदार वजनकाट्याची पूजा करतो, मेकॅनिक पान्यांची करतो. आम्ही आतल्या खोलीतल्या तीन मशीनांची करायला लागलो. हळदीकुंकू, झेंडूची माळ, नारळ. पूजा झाली की हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा नियम माझ्या वडिलांच्या वर्कशॉपात होता, तोच मी इथे लावला. दसऱ्याला दुपारी माळा बाजूला करायच्या आणि बोगद्यात उतरायचं. ज्याचे आधी वीस बळी तो जिंकला. सरांचा रंग हिरवा, माझा निळा आणि डेअरीवाल्याचा लाल. डेअरीवाला दर वर्षी एकच डाव खेळतो. लांब बोगद्याच्या टोकाला पिंपामागे उभा राहतो आणि येणाऱ्याला टिपतो. दर वर्षी सर त्याला तिथेच टिपतात. दर वर्षी तो म्हणतो, “सर, तुमी बगून मारता!” जणू न बघता मारायची पद्धत आहे.

गेल्या दसऱ्याआधी मला अवदसा आठवली. जुनी मशीनं धापा टाकायची, पडदे जाडजूड डब्यांचे. मी नाशिक-पुणे रस्त्यावरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तिथे रंगीत दिव्यांची मशीनं काचेत ठेवली होती. दुकानदाराला म्हटलं, “मला एक जुना गेम खेळायचाय, बास.”

“जुना असला तरी काका, कार्ड पाहिजेच. कार्डाशिवाय गेम म्हणजे...” त्यानं तोंड असं केलं, जणू मी त्याला अळणी आमटी वाढली होती. “कार्ड लावलं की जुना गेम पण नवा होतो बघा.”

नवा होतो! हा शब्द ऐकून मी विरघळलो, याचा मला आजही राग येतो. नवा कशाला व्हायला पाहिजे होता? मी कधी सरांना म्हटलं का, सर, तुम्ही नवे व्हा? पण खरं सांगतो, माझ्या मनात दुसरंही काही होतं. वीसेक वर्षांत मी सरांना फार तर तीनदा हरवलं असेन. मला वाटलं, मशीन सुधारलं तर आपणही सुधारू.

जुनी मशीनं त्याच्याच गळ्यात घालून मी नवी तीन घेऊन आलो. खंडेनवमीच्या सकाळी तो स्वतः येऊन जोडून गेला. गेम टाकला, सुरू होतोय एवढं बघितलं, आणि तेवढ्यात पूजेचं ताट घेऊन आलेली बायको ओरडली, “अहो, मुहूर्त टळतोय, आधी पूजा करून घ्या!” मी घाईघाईनं मशीनं बंद केली, हळदीकुंकू वाहिलं, माळा घातल्या. पूजा झाल्यावर हात लावायचा नाही. म्हणजे नवी मशीनं, नवं कार्ड, आणि एकही डाव खेळून न बघता मी त्यांना दसऱ्यापर्यंत देवासारखं बसवून ठेवलं. जगात दुसरा कोणी माणूस नवीन यंत्र घेतल्यावर आधी ते चालवून बघेल. मी त्याला नारळ फोडला.

दसऱ्याला दुपारी तिघं बसलो. पडदा उजळला आणि डेअरीवाल्याच्या तोंडून निघालं, “आयला!”

चित्र खरंच देखणं होतं, नाकारत नाही. पूर्वीच्या भिंती म्हणजे खडीसाखरेएवढे चौकोन, पायऱ्यापायऱ्यांचा उजेड. आता भिंती मऊ झाल्या होत्या. दिव्याभोवती उजेडाचं वलय. पाण्यातून तळ दिसत होता.

“ह्ये पानी बघ की,” डेअरीवाला म्हणाला, “प्रवरेला पन एवढं निळं न्हाई.”

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. खेळ सुरू झाला.

मी जिंकलो. मी वीस, डेअरीवाला चौदा, सर तीन. वाचकहो, मी नाचलो. खुर्चीवरून उठून, पन्नाशीचा माणूस, गळ्यात मशीनची माळ घालून मी आतल्या खोलीत गोल फिरलो. डेअरीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. लांब बोगद्यात तो पिंपामागे उभा होता आणि सर त्याच्यासमोर येऊन सरळ उभे राहत होते, बंदूक भलतीकडे, आणि तो त्यांना पुन्हा पुन्हा टिपत होता. मला हे दिसत होतं. मला ते गमतीचं वाटलं. ही ओळ लिहिताना मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटतेय.

सर उठले. माऊस सरळ करून ठेवला, जसं ते वर्गात खडू ठेवायचे. “छान झालं,” म्हणाले. “माझं आता थांबलं रे.” आणि गेले.

“दमले असतील,” मी म्हटलं.

“तीनच मारले त्यांनी,” डेअरीवाला म्हणाला, आणि मग त्यानंही टाळ्या थांबवल्या.

संध्याकाळी सोनं द्यायला मी सरांकडे गेलो. ते दर दसऱ्याला माझ्या हातून आपट्याचं पान घेतात आणि नाताळला आमच्याकडे करंज्यांचा डबा पाठवतात, हे आमचं ठरलेलं. चर्चच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. पत्नी गेल्यापासून एकटेच राहतात. दार उघडं होतं आणि आत कॉटवर मोठी बॅग उघडी पडली होती. ब्रश कागदात गुंडाळून ठेवलेले.

“कुठे निघालात सर?”

“पुण्याला. मुलाकडे. शनिवारी तो गाडी घेऊन येतोय. मघाशीच फोन करून हो म्हटलं.”

“किती दिवस?”

“आता तिकडेच.”

मी खालीच बसलो. मुलगा दोन वर्षं मागे लागला होता, हे मला ठाऊक होतं. साखरेनं सरांच्या दोन्ही डोळ्यांना धरलं होतं, मध्यावर सगळं पुसट दिसायचं. मुलगा म्हणायचा, पप्पा, एकटं राहू नका. सर म्हणायचे, बघू. ते काय ‘बघू’ म्हणत होते ते त्या दिवशी कळलं.

“मी स्वतःशी एक ठरवलं होतं,” सर म्हणाले. “त्या लांब बोगद्याच्या टोकाला तो लाल गाढव मला दिसतोय, तोवर मी इथे एकटा राहणार. दिसेनासा झाला की हट्ट सोडायचा. माणसाला स्वतःची परीक्षा घेता आली पाहिजे. आज नापास झालो.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“गेल्याच महिन्यात बघितला डोळा. म्हणाले, होता तसा आहे. पण डॉक्टर भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो. अक्षरं कुठे पिंपामागे लपतात?”

मग त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं काढून दाखवलं. आधी बोगद्याची चौकट, आणि टोकाला सहा चौकोन, एकावर एक, गडद. “आधी असं दिसायचं. एवढेच चौकोन, पण कडा अशा, की बोट कापावं. मला आता छटा कळत नाहीत, कडा कळतात. कडेवरून मी ओळखायचो.” मग त्यांनी अंगठा त्या चौकोनांवर टेकवला आणि हलकेच घासला. सहा चौकोनांचा एक मळकट ढग झाला. “आज असं दिसलं.”

मी त्या ढगाकडे बघत राहिलो. वाचकहो, तो ढग मी दुपारी बघितला होता! माझ्या धडधाकट डोळ्यांनी! मी त्याला ‘देखणं’ म्हणालो होतो. लांबचा लाल माणूस तपकिरी भिंतीत मिसळलेला मलाही दिसत होता, फक्त मला छटा कळत होत्या म्हणून मी गोळी मारत होतो.

“सर, हा तुमचा डोळा न्हाई!” मी ओरडलो. रागात माझी शाळा सुटते. “हे कार्ड हाय!”

“तू माझं मन राखायला बोलतोस.”

“मी कधी कुणाचं मन राखलंय?”

“तेही खरं,” सर म्हणाले, पण ब्रश बॅगेतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दुकानात शिरलो तो चपला न काढता. तिथे चपला काढायचा नियमच नाही, पण मला कुठलातरी नियम मोडायचा होता.

“माझ्या गेमचं काय केलंस तू?”

“काय झालं काका? चालत नाही का?”

“चालतो! भिंती लोण्यासारख्या चालतात!”

“मग मस्तच की. त्याला फिल्टरिंग म्हणतात. कार्ड दोन ठिपक्यांच्या मधली जागा रंगवून घेतं. म्हणजे चौकोन दिसत नाहीत.”

“मला चौकोन बघायचेत!”

दुकानात लॅपटॉप बघायला आलेलं एक जोडपं माझ्याकडे वळलं. मी त्यांनाच सांगायला लागलो. “अहो, चित्र काढणाऱ्यानं एकेक चौकोन मोजून ठेवला होता. सहा चौकोनांत माणूस उभा केला होता. आणि हे कार्ड येतं, न विचारता, आणि ओल्या फडक्यानं रांगोळी पुसावी तसं पुसतं, आणि वर म्हणतं सुधारणा!” जोडप्यातल्या बाईंनी मान डोलावली. नवरा तिला बाहेर घेऊन गेला.

“काका, वेग तरी वाढला ना?” दुकानदार म्हणाला.

“कशाला वाढेल? गेम त्याच्या चालीनंच चालतो. पूर्वी अडखळायचा ते थांबलं, एवढंच. त्याला तुझं नवं मशीन पुरे होतं, कार्ड कशाला? बैलगाडीला विमानाचं इंजिन लावलंस, आणि गाडीतलं धान्य उडून गेलं!”

“मग काढून टाकू का कार्ड?”

“काढ!”

त्याला राग आला नव्हता, याचाही मला राग आला. तो म्हणाला, “काढायची गरज नाही पण. एवढ्या जुन्या गेमला सेटिंगमध्ये दोन पर्याय असतात. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर केलं की कार्ड गप्प बसतं, मशीन स्वतःच चित्र काढतं. पूर्वीसारखं. तुम्ही बघितलं नाही का?”

मी बघितलं नव्हतं. वीस-पंचवीस वर्षं गेम खेळतोय, सेटिंगच्या पाटीवर एकदाही बोट ठेवलं नव्हतं. लोकांचे फॉर्म भरून देतो मी! ‘सर्व सूचना नीट वाचा’ असं दिवसातून दहा वेळा गिऱ्हाइकांवर खेकसतो! परत येताना मी अख्खा रस्ताभर बोलत होतो, आणि सिग्नलला एक रिक्षावाला म्हणाला, “काका, मोबाईल कुठंय?” त्याला वाटलं, फोनवर आहे.

दुकानात येऊन एका मशीनची ती पाटी उघडली. दोन शब्द, एकाखाली एक. खालचा निवडला. पडदा क्षणभर काळा झाला, आणि मग आले. चौकोन! टोकदार, खडबडीत, हट्टी. पाणी पुन्हा चिखलासारखं झालं, दिव्याची वलयं गेली, आणि बोगद्याच्या टोकाला मी दुसऱ्या मशीनवरून उभा केलेला लाल माणूस असा दिसला, जणू कोणीतरी भिंतीला रक्ताचं बोट लावलंय.

आता सरांना आणायचं कसं? फोन केला तर म्हणाले, “बॅग भरतोय. आणि परीक्षा दोनदा देत नसतात.” मी आणखी आग्रह केला असता तर त्यांनी फोन ठेवला असता. मग मी माझ्या धंद्यातलं ठेवणीतलं अस्त्र काढलं.

“सर, तुमच्या हयातीच्या दाखल्याचं काय? पुण्याला गेल्यावर कुठे शोधत बसणार? नोव्हेंबरात सर्व्हर बसतो. आजच एकदा तुमचा अंगठा लागतोय का बघून घेऊ.”

पेन्शनर माणूस सगळ्याला नाही म्हणेल, हयातीच्या दाखल्याला म्हणत नाही. वर्षातून एकदा सरकारला अंगठा दाखवून सांगावं लागतं की मी अजून जिवंत आहे, तेव्हा पुढची पेन्शन येते. अर्ध्या तासात सर आले, आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

मी त्यांना आतल्या खोलीत बसवलं. डेअरीवाला आधीच तिथे होता. त्याला मी एवढंच सांगितलं होतं की गपचूप खेळ आणि मुद्दाम हरलास तर याद राख. त्याला मी कार्डावरच ठेवलं होतं, त्याला ते निळं पाणी आवडायचं. सॉफ्टवेअर फक्त सरांच्या मशीनवर.

“अंगठा इथे?” सरांनी माऊसवर हात ठेवत विचारलं.

“तिथेच,” मी म्हटलं आणि पडदा चालू केला.

सरांना कळलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं सातवीत मी गायीला पाच पाय काढले होते तेव्हा बघितलं होतं. “खोटारडा आहेस,” म्हणाले. पण उठले नाहीत. पडद्याकडे बघत राहिले. चष्मा पुसला नाही.

“भिंती परत आल्या,” ते हळूच म्हणाले.

ते पुढे निघाले. पहिलं वळण, दुसरं वळण, पाण्याची टाकी, मग तो लांब बोगदा. मी त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो आणि काहीही सांगायचं नाही म्हणून ओठ चावून धरले होते. डेअरीवाला पिंपामागे होता, कुठे असणार? सर थांबले. हातही हलला नाही बराच वेळ. मग माऊस एक नखभर सरकला.

एक गोळी. लाल माणूस पडला.

“बगून मारलंत!” डेअरीवाला म्हणाला, सवयीनं.

“पुन्हा ये,” सर म्हणाले.

तो पुन्हा आला. पुन्हा पडला. त्यानं पिंप सोडलं आणि टाकीमागे गेला, तिथे पडला. जिन्यावर पडला. त्याच्या निळ्याशार पाण्यात पडला, तेव्हा सर म्हणाले, “पाण्यात लाल रंग कधी लपत नाही, हे मी तुला पाचवीत शिकवलंय.” सरांच्या खिशातला मोबाईल वाजला. पडद्यावरची नजर न हलवता त्यांनी तो माझ्या हातात दिला. मुलाचा होता. मी उचलला. तिकडून तो म्हणाला, “पप्पा, शनिवारी किती वाजता येऊ?”

मी फोन सरांच्या कानाशी धरला. सरांनी आधी एक गोळी मारली. मग म्हणाले, “येताना रिकामी बॅग आण. तुझ्या आईची जुनी पातेली द्यायचीत. मी येत नाही.” फोनमधून काहीतरी जोरजोरात ऐकू येत होतं. सरांनी मानेनंच मला फोन बंद करायला सांगितलं. मी केला. मुलाशी शनिवारी मी बोलणार होतो, ते वेगळं भांडण.

अठरा झाले. एकोणीस. आता डेअरीवाला आपल्याच बोगद्यात पळत होता, भिंतीला धडकत होता, आणि मागून हिरवा माणूस येत होता, अजिबात घाई न करता. वीस झाले, तरी सर थांबले नाहीत. एकवीस, बावीस. शेवटी डेअरीवाल्यानं माऊस टेबलावर आपटला, दोन्ही हात वर केले आणि खुर्चीत मागे वळून, बाहेर झेरॉक्सला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल असा ओरडला,

“अवो सर, पटलं! हयात हाय तुमी, हयात हाय! आता तरी गोळ्या थांबवा की!”